कुंडीखालचा काळा किडा चिरडू नका: ग्राउंड बीटल ओळखायचा, शोधायचा आणि टिकवायचा कसा

कुंडी सरकवली की खालून एक काळाकुळकुळीत, चकचकीत किडा सुसाट पळत सुटतो, बघितलाच असेल तुम्ही. बहुतेक जण झुरळ समजून त्याच्यावर चप्पल मारतात. मी पण कितीतरी वर्षं हेच केलंय, खोटं कशाला बोलू. मग एकदा रोपांची पानं रात्रीत कोण फस्त करतंय ते बघायला टॉर्च घेऊन बाहेर उकिडवा बसलो आणि समोरच दिसलं, बोटाच्या पेराएवढी एक बिनशंखाची गोगलगाय आणि तिच्या मानेला चावलेला हाच काळा किडा. गोगलगायीनं अंगातून फेसासारखा चिकट बुळबुळीत पदार्थ सोडला, त्याचे जबडे बरबटले, तो दोन पावलं मागे सरकला, तोंड मातीवर घासलं, आपण पायरीवर चिखलाचे पाय पुसतो ना अगदी तसं, आणि परत जाऊन चावला. असं तीन-चार वेळा. शेवटी गोगलगाय हरली. आणि मी इतकी वर्षं जे मारत होतो ते माझ्याच बाजूचं होतं हे तेव्हा कळलं.

तर हा ग्राउंड बीटल, म्हणजे जमिनीवर राहणारा भुंगेरा. त्याला ओळखायचं कसं, शोधायचं कुठे, तो नक्की करतो काय आणि त्यानं आपल्याकडे टिकून राहावं म्हणून काय करायचं, हे सगळं एकेक करून सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू

ग्राउंड बीटल म्हणजे एकच किडा नाही. कॅराबिडी नावाचं अख्खं कुटुंब आहे, आणि त्यात जगभरात मिळून साधारण ४० हजार जाती आहेत. काही दोन-तीन मिलिमीटरच्या, मुंगीएवढ्या, तर काही ६ सेंटीमीटरच्याही पुढे जाणाऱ्या. बहुतेक काळे किंवा तपकिरी, पण हिरवी, तांब्यासारखी, निळसर जांभळी झाक असलेले पण पुष्कळ. भारतात एक दांडगा प्रकार सापडतो, काळाभोर, अंगावर सहा पांढरे ठिपके, लांबी साधारण ४ सेंटीमीटर, तो एकदा बघितला की विसरणं अवघड. त्यामुळे रंगावरून ओळखायला जाऊ नका, फसाल. ठेवणीवरून ओळखा.

ओळख पटवायची कशी

पहिली गोष्ट, चाल. हा पळतो. उडून जाण्यापेक्षा पळण्यावरच याचा जास्त भरवसा, आणि कित्येक जातींमध्ये तर वरचे टणक पंख एकमेकांना जुळलेले असतात नाहीतर खालचे उडायचे पंख खुरटलेले असतात, म्हणजे उडायचा प्रश्नच मिटला. पाय लांब, सडपातळ. उलटा पडला तरी झटक्यात सरळ होऊन पळतो.

मग एखादा पारदर्शक डबा घ्या, किड्यासमोर आडवा धरा आणि कागदानं त्याला आत ढकला. आत गेला तरी भिंतीभिंतीनं गोल गोल पळत राहतो, डोळ्यापुढे स्थिर थांबतच नाही, त्यावर उपाय म्हणजे डबा चार-पाच मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा (फ्रीझरमध्ये नाही हं). गारव्यानं तो सुस्तावतो, थोड्या वेळानं आपोआप तरतरीत होतो. तेवढ्यात दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तमच, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा, चालतं.

आता वरून बघा. पाठीवर बरोबर मधोमध एक सरळ रेघ दिसली पाहिजे, दोन टणक पंख जिथे मिटतात ती. झुरळाचे पंख चामड्यासारखे आणि एकावर एक चढलेले असतात, तिथे अशी सरळ रेघ नसते. एवढ्या एका खुणेवर झुरळाचा घोळ संपतो. शिवाय झुरळाचं डोकं वरच्या ढालीखाली दडलेलं असतं, याचं डोकं स्पष्ट पुढे आलेलं, आणि डोक्याच्या पुढे विळ्यासारखे वाकडे दोन जबडे. त्या टणक पंखांवर बहुतेक जातींमध्ये लांबीच्या दिशेनं बारीक समांतर खाचा असतात, नांगरलेल्या शेतातल्या तासांसारख्या. सगळ्यांत नसतात, पण असल्या तर खूण चांगली.

मिशा बघा. दोऱ्यासारख्या बारीक, ११ पेरांच्या, टोकाला गाठ किंवा पंखा काही नाही. शेणकिड्याच्या किंवा हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशीचं टोक पंख्यासारखं उघडतं, याचं तसं नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो डार्कलिंग बीटल म्हणून दुसरा एक काळा भुंगेरा असतो त्याच्याशी. तो पण काळा, तो पण जमिनीवर, तो पण दगडाखाली. पण तो चालतो निवांत, त्याच्या मिशा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात, आणि पावलाची पेरं मोजायचा धीर असेल तर मागच्या पायाच्या पावलाला त्याची पेरं चार असतात, आपल्या ग्राउंड बीटलच्या सहाही पायांना पाच-पाच. मी खरं सांगू का, पेरं मोजत बसत नाही, डबा हलवतो, दचकून पळाला की नव्वद टक्के वेळा आपलाच.

पक्की खात्री पाहिजे असेल तर पारदर्शक डबा उचलून खालून बघा. मागच्या पायाच्या मुळाशी वालाच्या दाण्यासारखा एक फुगीर तुकडा असतो, आणि मागच्या पायांची बैठक पोटाच्या पहिल्या पट्टीला मधोमध तोडून मागे गेलेली असते. ही खूण दिसायला जरा सराव लागतो पण एकदा डोळा बसला की मग शंका राहत नाही.

अळी पण ओळखा, नाहीतर तिला मारून बसाल

माती उकरताना जी अळी दिसेल ती शत्रूच असं धरून चालणारे खूप जण आहेत. हुमणी पांढरी, गुबगुबीत, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली असते. ग्राउंड बीटलची अळी तशी अजिबात नाही. ती लांबट, चपटी, गडद रंगाची, सहा पाय नीट दिसतात, पळते पण चांगली, डोक्याला पुढे आलेले जबडे आणि शेपटीकडे दोन टोकं निघालेली. तुम्ही हात लावला तर मुडपून पडून राहत नाही, वळून अंगावर येते. ती पण शिकारीच, फक्त तिची शिकार मातीच्या आत चालते म्हणून कोणाला दिसत नाही.

अंडी मातीत घातली जातात, अळी वाढता वाढता साधारण तीन टप्पे पार करते, मग मातीतच छोटी खोली करून कोषात जाते आणि त्यातून भुंगेरा बाहेर येतो. बहुतेक जातींना या सगळ्या फेऱ्याला एक वर्ष लागतं, आणि मोठ्या जातींचे भुंगेरे दोन-तीन वर्षं पण जगतात. मावा (रोपांचा रस शोषणारी बारीक कीड) आठवड्यात पिढी काढतो, हा वर्षाला एक. म्हणून एकदा हे संपले की परत भरून यायला वेळ लागतो.

राहतो कुठे

एका वाक्यात सांगायचं तर जिथे ओल आहे, सावली आहे आणि कोणी ढवळाढवळ करत नाही तिथे. दगडाखाली, पडलेल्या ओंडक्याखाली, सालीच्या मागे, पालापाचोळ्यात, गवताच्या दाट बुंध्यात, कंपोस्टच्या ढिगाच्या कडेला, मातीच्या भेगेत. दिवसा तिथे दडून बसायचं, रात्री बाहेर पडायचं. अपवाद आहेतच, ज्यांचे डोळे मोठे टपोरे ते बहुतेक दिवसा उजेडी शिकार करणारे. टायगर बीटल म्हणतात ते याच नात्यातले, उघड्या वाळूवर भर उन्हात पळतात, इतके वेगात की पळताना त्यांना समोरचं नीट दिसेनासं होतं आणि मधेच थांबून भक्ष्य कुठंय ते परत बघावं लागतं.

काही जाती नदीकाठच्या ओल्या चिखलातच राहणार, काही कोरड्या रेताडात, काही फक्त जुन्या जंगलात. जागेच्या बाबतीत ही मंडळी फार चोखंदळ, आणि म्हणूनच एखाद्या जागेची तब्येत कशी आहे हे पाहायला अभ्यासक यांची मोजणी करतात.

शोधायच्या तीन पद्धती, सोपीपासून सुरू करू

फळीची पद्धत सगळ्यात सोपी. एक जुनी लाकडी फळी, हातभर लांब असली तरी पुरे, वाफ्याच्या कडेला सावलीत मातीवर नुसती आडवी टाकून द्यायची. माती कोरडी असेल तर आधी पाणी शिंपडा. दोन-तीन आठवडे विसरून जायचं. मग सकाळी हळूच उचलून बघा, आणि उचलताना तुमच्यापासून लांबची कड वर उचला, म्हणजे फळी तुमच्या आणि किड्यांच्या मधे आडोसा राहील, कारण तिथे विंचू किंवा गोम पण बसलेली असू शकते. रोज उचलू नका, आठवड्यातून एकदा बास.

दुसरी पद्धत रात्रीची. अंधार पडल्यावर तासाभरानं टॉर्च घेऊन जायचं, टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन पेपर लावला तर जास्त चांगलं, किड्यांना लाल उजेड फारसा दिसत नाही त्यामुळे ते आपलं काम चालू ठेवतात. पाऊस पडून गेल्यावरची ऊबदार रात्र सगळ्यात भारी. एका जागी बसून राहा, फिरू नका. दहा मिनिटं काहीच दिसत नाही, मग सगळं एकदम दिसायला लागतं.

तिसरी म्हणजे खड्ड्यातला कप. हीच खरी अभ्यासकांची पद्धत, बार्बर नावाच्या संशोधकानं १९३१ साली ती मांडली होती आणि आजही जगभर तीच वापरतात. एक प्लॅस्टिकचा किंवा दह्याचा कप घ्या, बुडाला सुईनं चार-पाच भोकं पाडा म्हणजे पाणी साठून किडे बुडणार नाहीत. खुरप्यानं खड्डा करून कप असा बसवा की त्याची कड मातीच्या बरोबर पातळीला येईल, किंवा केसभर खालीच. इथेच सगळे चुकतात! कड अर्धा सेंटीमीटर जरी वर राहिली ना तर किडा येतो, कडेला मिशा लावतो आणि वळसा घालून निघून जातो, आणि आपण सकाळी रिकामा कप बघून म्हणतो की इथे काही नाहीच. माझा पहिला आठवडा असाच गेला. कपाभोवतीची माती बोटानं दाबून घ्या, फट राहू देऊ नका.

आत थोडा पाचोळा टाका, नाहीतर पडलेले किडे लपायला जागा नाही म्हणून एकमेकांनाच खातात, आणि मोठा एकच उरतो, पोट भरलेला. वर चार खड्यांवर टेकवून एक चपटा दगड किंवा कौलाचा तुकडा ठेवा, मधे दोन-तीन सेंटीमीटर फट राहू द्या. त्यानं पाऊस, ऊन आणि पक्षी तिन्ही अडतात. आमिष लागत नाही. संध्याकाळी लावायचा, सकाळी लवकर बघायचा, बघून झालं की सगळ्यांना तिथेच सोडायचं. बघायला जमणार नसेल त्या दिवशी कपावर झाकण लावून बंद करा, उघडा टाकून गावाला जाऊ नका.

आणि एक लक्षात ठेवा, कपात जास्त किडे सापडले म्हणजे तिथे जास्त किडे आहेत असंच नाही. जो जास्त पळतो तो जास्त पडतो. गार रात्री सगळे असतात पण कोणी हलत नाही. आजूबाजूला दाट गवत असेल तर पळायला अडथळा म्हणून कमी पडतात, मोकळ्या मातीत जास्त. त्यामुळे दोन जागांची तुलना करायची असेल तर एकाच रात्री, सारखे कप, दोन्हीकडे निदान पाच-पाच.

हा करतो काय

खातो. मुख्य काम हेच. अळ्या, रात्री रोपं बुंध्यापाशी कुरतडणारी अळी, बिनशंखाच्या गोगलगायी आणि त्यांची अंडी, माश्यांची अंडी, जमिनीवर पडलेला मावा, मुंग्या, गांडुळं पण (हो, गांडुळं पण, सगळं आपल्या सोयीचं नसतं). भुकेलेला असला की काही जाती दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाएवढं खातात. पुष्कळ जाती भक्ष्य चावतात, त्यावर पाचक रस ओततात, मांसाचा पातळ काला झाला की तो ओढून घेतात. एका प्रकाराचं डोकं तर मुद्दाम घडवल्यासारखं अरुंद आणि लांब असतं, थेट शंखाच्या आत घुसवून गोगलगाय खाण्यासाठी.

सगळे जमिनीवरच थांबत नाहीत. कॅलोसोमा सायकोफँटा नावाचा हिरवा सोनेरी झाक असलेला युरोपातला भुंगेरा झाडावर चढून केसाळ अळ्या खातो, म्हणून १९०५ च्या सुमारास त्याला मुद्दाम अमेरिकेत नेऊन सोडलं, तिथे जिप्सी मॉथ नावाच्या पतंगाच्या अळ्यांनी जंगलं बोडकी केली होती. तो तिथे रुजला, आजही आहे.

आणि ज्याकडे कोणाचं फार लक्ष जात नाही ते काम म्हणजे तणाचं बी खाणं. हारपॅलस, अमारा या गटातले भुंगेरे जमिनीवर सांडलेलं तणाचं बी फोडून खातात. खुरपणी करून आपण उगवलेलं तण काढतो, हे न उगवलेलंच कमी करतात. अर्थात याच सवयीपायी काही जाती स्ट्रॉबेरीवरच्या बिया कुरतडतात आणि युरोपात झॅब्रस नावाचा एक जण चक्क गव्हाच्या कोवळ्या पानांचं आणि दाण्यांचं नुकसान करतो. म्हणजे अख्खं कुटुंब संत नाही. पण हिशोब केला तर बाजू आपल्याकडेच झुकते.

स्वतः पण कोणाचं तरी खाणं आहेतच, बेडूक, पक्षी, चिचुंद्री, सरडे. इथे एक गंमत सांगतो. एपोमिस नावाच्या ग्राउंड बीटलची अळी बेडकासमोर बसून मिशा आणि जबडे हलवत राहते. बेडकाला वाटतं खाऊ आला, तो जीभ टाकतो, अळी चुकवते आणि त्याच्याच अंगाला चिकटून त्यालाच खाऊन टाकते! ठरवून बेडकाला बोलावून घेणारी अळी, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

हातात धरावा का

विषारी नाही, डंख नाही. लहान चावला तर कळत पण नाही, मोठ्याचा चिमटा मात्र चांगला झोंबतो. खरा प्रश्न शेपटीकडचा. बहुतेक जाती त्रास दिला की उग्र वासाचा द्रव सोडतात. बॉम्बार्डियर नावाचा प्रकार तर पोटात दोन रसायनं वेगळी साठवतो, हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, गरज पडली की ती एका जाड भिंतीच्या कप्प्यात सोडतो, तिथे एन्झाइममुळे भडका उडतो आणि जवळपास १०० अंश तापलेला फवारा फट्ट आवाज करत बाहेर येतो. तो मघाशी सांगितलेला सहा ठिपक्यांचा फॉर्मिक ॲसिड उडवतो, डोळ्यात गेलं तर वाईट. म्हणून तोंड जवळ नेऊन बघू नका, पोरांच्या हातात देऊ नका, डबा वापरा. चार्ल्स डार्विन तरुणपणी किडे गोळा करायचा, दोन्ही हातात एकेक भुंगेरा होता आणि तिसरा दिसला, तर हातातला एक त्यानं तोंडात टाकला. त्यानं असा काही तिखट जळजळीत रस सोडला की तो थुंकावा लागला आणि तिसरा पण हातचा गेला.

टिकवायचं कसं

कुठून पकडून आणून सोडू नका, विकत तर मुळीच नको. जागा बरी केली की आपले आपण चालत येतात.

सगळ्यात आधी सारखं खणणं थांबवा. अंडी, अळी, कोष सगळं मातीत, आपण कुदळ मारली की वर्षाची पिढी उन्हात. सगळी बाग एकदम खणायच्या ऐवजी लागेल तेवढाच वाफा खणा, आणि कडेची हातभर रुंद पट्टी कायमची सोडून द्या, तिथे गवत वाढू द्या, झुपक्यानं वाढणारं असेल तर फारच छान. इंग्लंडमध्ये १९८० च्या दशकाच्या शेवटी शेतकऱ्यांसाठी हीच कल्पना मोठी करून बघितली, मोठ्या शेताच्या मधोमध साधारण ४० सेंटीमीटर उंच आणि दोन मीटर रुंद असा मातीचा बांध घालायचा आणि त्यावर झुपक्याचं गवत लावायचं. बीटल बँक म्हणतात त्याला. कारण साधं, हे किडे कडेच्या गवतात थंडी काढतात आणि मग पायी शेतात शिरतात, शेत फार मोठं असेल तर मधल्या पिकापर्यंत पोचेस्तोवर उशीर होतो.

पाचोळा जाळू नका, झाडून गोळा केलात तरी कोपऱ्यात ढीग राहू द्या. उघडी माती ठेवण्यापेक्षा आच्छादन करा. दोन-चार चपटे दगड, एक कुजका ओंडका, झालं यांचं घर.

रात्रीचे मोठे दिवे बागेवर सोडू नका, अंधारात फिरणाऱ्याला अंधार लागतो.

आणि औषधं. सरसकट सगळं मारणारी फवारणी केली तर हे आधी जातात आणि कीड नंतर मोकाट परत येते. बियाण्याला लावलेलं औषध निरुपद्रवी वाटतं पण तिथेही भानगड आहे. अमेरिकेत सोयाबीनवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात बियाण्याला निओनिकोटिनॉइड प्रकारचं कीटकनाशक लावलं होतं. ते रोप गोगलगायींनी खाल्लं, त्यांना काही झालं नाही, पण त्या गोगलगायी खाऊन ग्राउंड बीटल लुळे पडले, मेले. शिकारी कमी, गोगलगायी जास्त, पीक कमी. मारायचं होतं एकाला आणि मेला दुसराच.

घरात एखादा शिरला तर घाबरू नका, वाट चुकलाय. घरात याला ना ओल मिळते ना खाणं, पिल्लं घालत नाही, लाकूड-कपडे खात नाही. वाटी पालथी घाला, खाली कागद सरकवा, बाहेर झाडाखाली सोडा.

फळी बघून झाली की ती परत ठेवताना मात्र जपून. थेट खाली टाकली तर वजनानं तेच चिरडतात ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला. आधी फळी जागेवर अलगद टेकवा, मग हातातल्या डब्यातला किडा फळीच्या कडेला मातीवर सोडा. क्षणभर मिशा हलवत थांबतो, मग कडेनं चालत जातो, फट सापडली की स्वतःच आत शिरतो.